रस्ता दाखविणारे यंत्र आणि आपली वस्ती

मोटारीत बसविण्याच्या उपग्रह-मार्गदर्शक यंत्राची चांदूर रेल्वेच्या रस्त्यांवर पारख

रस्ता विचारणे ही आपल्या माणसासाठी कधीच साधी गोष्ट नव्हती. परक्या गावात शिरताना पानठेल्यापाशी गाडी थांबवून ‘भाऊ, सिद्धार्थनगर कुठीसा हाये?’ असे विचारले, की उत्तर येण्याआधी विचारणाऱ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिले जाते. मग उलट प्रश्न येतो, ‘कोनाकडे जाचं हाये?’ आडनाव सांगितले की समोरच्याला जे समजायचे ते समजते. कोणी आपुलकीने चार पावले सोबत येऊन वाट दाखवितो, कोणी नुसती मान उडवितो. वऱ्हाडात पाव्हण्याला वाट दाखविण्याची रीत चांगली आहे, यात शंका नाही. परंतु वाट विचारताना जात सांगावी लागू नये, ही अपेक्षाही गैर म्हणता येणार नाही.

मोटारीच्या काचेवर चिकटविण्याचे रस्ता दाखविणारे यंत्र जात विचारत नाही. कुठे जायचे एवढेच विचारते आणि ‘पुढे दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ असे सांगत राहते. आपल्या समाजातील अनेक तरुण आज जीप, टेम्पो, भाड्याच्या मोटारी आणि रुग्णवाहिका चालवून घर चालवितात. अनेक नोकरदार कुटुंबांच्या दारात गाडी आली आहे. हे यंत्र विकत घ्यावे काय, मोबाइलवर भागते काय, आणि त्याच्यावर विश्वास कितपत ठेवावा, हे प्रश्न त्यांच्यापुढे आहेत. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

यंत्र काय आहे?

हाताच्या पंजाएवढा पडदा, मागे काचेला धरून ठेवणारी रबरी वाटी, सिगारेट-लायटरच्या बारा व्होल्टच्या भोकात बसणारी वायर आणि पोटात साठविलेला नकाशा, असे याचे रूप. परदेशात गार्मिन, टॉमटॉम या कंपन्यांनी ही यंत्रे घरोघरी पोचविली. आपल्याकडे २००० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ती दिसू लागली. दिल्लीच्या ‘मॅपमायइंडिया’ आणि हैदराबादच्या ‘सॅटनॅव्ह टेक्नॉलॉजीज’ यांनी भारताचे नकाशे भरलेली यंत्रे आणली. पुढे मोबाइलमध्येच नकाशे आले आणि वेगळ्या यंत्राची मागणी ओसरली. तरीही भाड्याच्या गाड्यांत, जुन्या बाजारात आणि परदेशातून आलेल्या नातलगांच्या सामानात ही यंत्रे अजून हाती येतात. शिवाय वेगळे यंत्र असो की मोबाइल, आतील विद्या एकच आहे. म्हणून एकाची पारख शिकली की दुसऱ्याचीही करता येते.

उपग्रह आपल्याकडे पाहत नाही

याविषयी लोकांत बरेच गैरसमज आहेत. ‘वरून उपग्रह आपली गाडी पाहतो आणि रस्ता सांगतो’ असे अनेकांना वाटते. तसे काही नाही. अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा करतात. पूर्ण व्यवस्थेला किमान २४ उपग्रह लागतात. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते आणि तो अखंड एवढेच सांगत असतो, की मी अमुक आहे, अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आता अमुक वाजले आहेत. आपले यंत्र ही हाक फक्त ऐकते. ते उपग्रहाला काहीही कळवीत नाही.

हाक किती वेळाने पोचली यावरून यंत्र अंतर काढते. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतात. म्हणून वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. आपल्या यंत्रातील घड्याळ स्वस्तातले असल्याने एकाच वेळी किमान चार उपग्रहांची हाक ऐकावी लागते. तिघांवरून जागा आणि चौथ्यावरून घड्याळाची दुरुस्ती, असा हा हिशेब आहे. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे उपग्रहावरील घड्याळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात कित्येक किलोमीटरची चूक साचेल. ज्या देशात अजूनही गाडीच्या बॉनेटवर लिंबू-मिरची बांधून प्रवासाची खात्री मानली जाते, तेथे हा हिशेब मुलांना घरी बसून समजावून सांगण्यासारखा आहे.

अमेरिकेने ही व्यवस्था सैन्यासाठी १९७३ पासून उभारली. सामान्यांसाठीच्या लहरींत ती मुद्दाम चूक मिसळीत असे. २ मे २००० रोजी ती मिसळ बंद झाली आणि मोटारीला उपयोगी पडेल इतकी अचूकता सर्वांना मिळाली. आता उघड्या आकाशाखाली काही मीटरच्या आत जागा कळते. भारताच्या इस्रोनेही १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह सोडून स्वतःची व्यवस्था उभारण्यास सुरुवात केली. तिला २०१६ मध्ये ‘नाविक’ हे नाव मिळाले. त्यांपैकी काही उपग्रहांची अणुघड्याळे मध्येच बंद पडली. म्हणून ‘नाविक’सोबत जीपीएस आणि इतर देशांचे उपग्रहही ऐकणारे यंत्र अधिक भरवशाचे.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. आपण कुठे आहोत एवढेच उपग्रहावरून कळते. रस्ता कुठे आहे, गाव कुठे आहे, विहार कुठे आहे, हे उपग्रह सांगत नाही. ते नकाशातून येते, आणि नकाशा माणसे तयार करतात. यंत्राची खरी परीक्षा तेथेच आहे.

वाट दाखविणारे नकाशाबाहेर

आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट येथे कर्नल विल्यम लॅम्ब्टन याची कबर आहे. त्याने १८०२ साली मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. मोजीत मोजीत तो या भागापर्यंत आला आणि २० जानेवारी १८२३ रोजी कामावर असतानाच हिंगणघाटला वारला. त्याच्यामागून एव्हरेस्टने ते काम हिमालयाकडे नेले. अर्ध्या टनाचे मोजणीयंत्र डोंगरांवर चढविणारे, साखळी ओढणारे, झाडे तोडून दृष्टीची रेषा मोकळी करणारे हजारो मजूर होते. लॅम्ब्टनचे आणि एव्हरेस्टचे नाव शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, त्या मजुरांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

गावपातळीवर तर याहून विचित्र प्रकार होता. महाराष्ट्राच्या जुन्या गावगाड्यात गावाची शीव कोठून जाते हे सांगणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, सरकारी टपाल पोचविणे, अंमलदाराला आणि वाटसरूला पुढच्या गावापर्यंत वाट दाखविणे, ही कामे पूर्वाश्रमीच्या महारांकडे होती. गावाचा सारा भूगोल ज्यांना तोंडपाठ, त्यांचेच घर मात्र गावकुसाबाहेर. हे वेठीचे वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. मुंबई राज्यात अशी वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

वाट आणि वाहन यांचा जातीशी कसा संबंध होता, हे बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. १९२९ साली ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवरून महारवाड्यापर्यंत नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने द्यायचा, पण टांगेवाल्याने हाकायचा नाही, अशी तडजोड झाली. वस्तीतील ज्याने लगाम हाती घेतला त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर, दोन परदेशी विद्यापीठांचा डॉक्टर, पण वस्तीपर्यंत नेणारा कुशल चालक त्यांना मिळाला नाही. आज आपला मुलगा स्वतः चालक आहे, गाडी स्वतःची आहे. मग त्या गाडीतील नकाशात आपली वस्ती आहे की नाही, हे आपण पाहायला नको काय?

पाच कसोट्या

भगवान बुद्धांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा सांगणाऱ्याच्या अधिकारावर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा, असा उपदेश केला. दुकानदाराच्या बोलण्याला आणि जाहिरातीलाही तोच न्याय लावावा. एका परिचिताकडील जुने यंत्र आणि एक साधा मोबाइल, अशी दोन साधने घेऊन चांदूर रेल्वेच्या आसपास पुढील कसोट्या लावल्या. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. वाचकांनी आपापल्या यंत्राला याच कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी नावाची. अमरावती जिल्ह्याइतकी कठीण परीक्षा दुसरीकडे क्वचित मिळेल. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार. धामणगाव रेल्वे आणि धामणगाव गढी. नांदगाव खंडेश्वर आणि नांदगाव पेठ. अंजनगाव सुर्जी आणि अंजनगाव बारी. या सगळ्या जोड्या एकाच जिल्ह्यातल्या. चांदूर रेल्वे अमरावतीच्या आग्नेयेला, मुंबई–नागपूर लोहमार्गावर. चांदूर बाजार अमरावतीच्या उत्तरेला. दोहोंतील सरळ अंतरच पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते. बाहेरगावच्या चालकाने यंत्रात नुसते ‘चांदूर’ भरले आणि पहिले नाव दिसले ते दाबले, तर लग्नाचे वऱ्हाड भलत्याच मांडवात जाईल. आमच्या जुन्या यंत्राने ‘चांदूर’ला आधी चांदूर बाजारच पुढे केले. त्याची अक्षरपाटी फक्त रोमन होती. त्यामुळे उच्चार लिहिण्याच्या दोन-तीन तऱ्हा करून पाहिल्यावर चांदूर रेल्वे सापडले. मोबाइलने मराठीत लिहिलेले नाव लगेच ओळखले.

यावर सोपा उपाय पिनकोडचा आहे. चांदूर रेल्वेचा ४४४९०४ आणि चांदूर बाजारचा ४४४७०४. एका आकड्याचा फरक, पण गफलत टाळायला पुरेसा. ही पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली, हे मुलांना अवश्य सांगावे. निमंत्रणपत्रिकेवर गावासोबत तालुका आणि पिनकोड छापण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

दुसरी कसोटी आपल्या वस्तीची. यंत्रात तहसील कार्यालय, रेल्वे स्टेशन, मोठी मंदिरे, पेट्रोलपंप सापडतात. मग बुद्धविहार शोधावा, वस्तीचे नाव शोधावे, वस्तीतील समाजमंदिर शोधावे. जुन्या यंत्रात आसपासच्या खेड्यांचे नाव होते, पण त्या नावापुढे एकच ठिपका होता आणि तो गावठाणाच्या मधोमध. गावाच्या कडेची आमची वस्ती त्या ठिपक्यात बसत नव्हती. मोबाइलवरील नकाशात शहरातील विहार दिसले, खेड्यांतील काहीच दिसले. ‘भीमनगर’ शोधले तर भलत्याच शहरांतील भीमनगरे रांगेने पुढे आली.

याचेही कारण आहे. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे पुढे आली. जुनी अपमानकारक नावे गेली, हे फार चांगले झाले. परंतु कागदावर बदललेले नाव नकाशावर आपोआप बदलत नाही. कुठे जुनेच नाव राहते, कुठे वस्तीच नसते. आपल्या नावाची जातीची पाटी सरकारदरबारी पुसली गेली आणि प्रवाशाच्या हातातील पडद्यावर मात्र ती तशीच राहिली, तर निर्णयाचा अर्धा भाग वाया गेला असे म्हणावे लागेल.

तिसरी कसोटी जंगलाची. चांदूर रेल्वेहून अमरावतीकडे जाताना पोहऱ्याचे जंगल लागते. अशा पट्ट्यात मोबाइलची रेंज जाते-येते. उपग्रहाची हाक मात्र टॉवरवर अवलंबून नसते. जुन्या यंत्राच्या पोटात नकाशा साठविलेला असल्याने ते बिनतक्रार चालत राहिले. मोबाइलवर बाण सरकत होता, पण रेंज गेल्यावर त्याच्याखालचा नकाशा कोरा झाला. त्याच मोबाइलमध्ये घरून निघण्यापूर्वी जिल्ह्याचा नकाशा उतरवून ठेवला, तेव्हा परतीच्या वाटेवर ही अडचण आली नाही. तेव्हा वेगळ्या यंत्राचा सर्वांत मोठा गुण मोबाइललाही आणता येतो. फक्त प्रवासाच्या आदल्या रात्री पाच मिनिटे त्यासाठी द्यावी लागतात.

चौथी कसोटी नव्या रस्त्याची. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी. त्याआधीचा नकाशा असलेल्या यंत्राला हा रस्ता ठाऊकच नाही. गाडी महामार्गावर धावत असताना आमच्या यंत्राच्या पडद्यावरचा बाण शेतातून चालला होता, आणि यंत्र दर थोड्या वेळाने ‘शक्य होईल तेथे मागे वळा’ असे विनवीत होते. भरधाव रस्त्यावर असा सल्ला ऐकणे जीवघेणे ठरेल. या मार्गावर उतरण्याच्या जागा ठराविकच आहेत. एक चुकली की पुढची येईपर्यंत जावेच लागते. कोठे उतरायचे हे निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावे. जुने यंत्र घेताना ‘याचा नकाशा अजून नवा करून मिळतो काय?’ हा प्रश्न पहिला विचारावा. उत्तर नाही असेल तर ते यंत्र फुकट मिळाले तरी महाग आहे.

पाचवी कसोटी पावसाची आणि पांदणीची. सर्वांत जवळचा रस्ता दाखवा म्हटले की यंत्र कधी पांदण रस्ताही दाखविते. उन्हाळ्यात तो चालूनही जाईल. मृग बरसला की वऱ्हाडच्या काळ्या मातीत बैलगाडीचे चाक रुतते, तेथे मोटारीचे काय? नाल्यावरचा रपटा पाण्याखाली गेला आहे, हे यंत्राला कळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात मोबाइलचा नकाशा पाहत निघालेली मोटार रात्री धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलावर गेली आणि एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली पडून तिघे दगावले. त्यांनाही यंत्रानेच तो रस्ता दाखविला होता. पुलाच्या अलीकडे कोणी अडथळा उभारला नव्हता, हा दोष माणसांचा. पण मरणारे यंत्रावर विश्वास ठेवून गेले. म्हणून पावसाळ्यात आणि रात्री यंत्राचा शब्द शेवटचा मानू नये. पाण्याच्या काठी उभा असलेला गुराखी ‘जाऊ नका’ म्हणाला, तर तेथे उपग्रहाचेही ऐकू नये.

गाडी चालविणाऱ्यांसाठी आणि घरच्यांसाठी

यंत्र कानासाठी आहे, डोळ्यांसाठी नाही. रस्ता आवाजाने ऐकावा, पडद्याकडे टक लावू नये. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीप्रमाणे गाडी चालविताना हातातील मोबाइलसारखे साधन केवळ रस्ता पाहण्यासाठी आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच वापरता येते. पत्ता भरायचा तो गाडी उभी असताना. शेजारी बसलेल्या पत्नीने, बहिणीने किंवा मुलाने ते काम अंगावर घ्यावे. ज्या घरी भगिनी स्वतः गाडी चालवितात, तेथे हे यंत्र विशेष उपयोगी आहे. रात्रीच्या वेळी अनोळखी ठिकाणी काच खाली करून रस्ता विचारण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. मात्र घरच्यांना प्रवासाचा मार्ग आधी सांगून ठेवावा.

यंत्र काचेच्या मधोमध, नजरेच्या आड येईल असे लावू नये. मे महिन्याच्या वऱ्हाडी उन्हात बंद गाडीत ते ठेवून जाऊ नये. रबरी वाटी उन्हाने सुटते आणि घाटरी पिघळल्यासारखी तापून निकामी होते. आवाज मराठीत करून मिळतो काय, तेही पाहावे. घरातील वडीलधारे गाडी चालवीत असतील तर इंग्रजी उच्चारातील गावांची नावे त्यांना कळत नाहीत आणि वळण निघून जाते.

दीक्षाभूमीच्या प्रवासाबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. अशोक विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखोंची गर्दी असते. पोलिस रस्ते बंद करतात, वाहने वळवितात, गाड्या लांब उभ्या करायला लावतात. त्या दिवशी यंत्र सांगते तो रस्ता मोकळा असेलच असे नाही. शहराच्या वेशीपर्यंत यंत्राचे ऐकावे आणि त्यापुढे पोलिसांचे व समता सैनिक दलाच्या स्वयंसेवकांचे ऐकावे. गाडी उभी केलेली जागा यंत्रात नोंदवून ठेवण्यास विसरू नये. रात्री परत येताना हजारो गाड्यांत आपली गाडी शोधण्याचा त्रास वाचतो.

घ्यावे की नाही?

ज्यांच्याकडे बरा मोबाइल आहे आणि ज्यांचा प्रवास महिन्यातून चार-दोन वेळचा आहे, त्यांनी वेगळ्या यंत्रावर पैसे घालू नयेत. मोबाइल बसविण्याची पक्की पकड, गाडीत चालणारा चार्जर आणि उतरवून ठेवलेला नकाशा, एवढ्यावर त्यांचे काम होते. वाचलेल्या पैशात मुलाला एखादे चांगले भूगोलाचे पुस्तक घेता येईल. ज्यांचा धंदाच गाडीचा आहे, ज्यांना सतत फोन येतात आणि त्या प्रत्येक फोनला रस्ता पडद्यावरून नाहीसा होतो, जे रेंज नसलेल्या भागात रोज फिरतात, त्यांना वेगळे यंत्र उपयोगी पडेल. अट एकच, नकाशा नवा करून मिळाला पाहिजे. आणि दोन्ही ठिकाणी, घेण्यापूर्वी आपल्या वस्तीचे नाव त्यात टाकून पाहावे. सापडले तर किमान नकाशा करणाऱ्याने गावठाणाच्या पुढे पाऊल टाकले आहे, असे समजावे.

आपले काम

वस्ती नकाशात नाही ही नुसती मानापमानाची बाब नाही. रात्री बाळंतवेदना सुरू झालेल्या भगिनीसाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली आणि चालक परगावचा असला, तर तो गावठाणाच्या ठिपक्यापाशी येऊन थांबतो. तेथून वस्तीपर्यंतची पंधरा मिनिटे त्या मातेसाठी किती मोलाची असतात, हे सांगायला नको. परीक्षेच्या केंद्राचा शोध घेणारा विद्यार्थी, पत्र घेऊन येणारा, वर्षावासात प्रवचनासाठी येणारे भन्ते, सर्वांना हाच अनुभव येतो.

हा दोष दूर करणे आपल्या हाती आहे. मोबाइलवरील प्रमुख नकाशांत नसलेली जागा जोडण्याची आणि चुकीचे नाव सुधारण्याची सोय सामान्य माणसालाही दिलेली आहे. ‘ओपन स्ट्रीट मॅप’ नावाचा, २००४ साली सुरू झालेला जगाचा नकाशा तर लोकांनीच काढलेला आहे आणि त्यात कोणालाही रेघ ओढता येते. टपाल खात्याने २०२५ साली ‘डिजिपिन’ आणला आहे. त्यात देशाच्या भूमीचे सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरी क्रमांक दिलेला आहे. घराला क्रमांक नसो, गल्लीला नाव नसो, डिजिपिन मात्र प्रत्येक घराला आहे. गावकुसाच्या आतल्याला आणि बाहेरच्याला त्यात सारखाच चौकोन मिळतो.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर गावातील दोन शिकलेल्या मुलामुलींनी तेथेच बसून हे काम करावे. आधी विहाराची नोंद करावी, मग वस्तीचे नाव, गाव, तालुका आणि पिनकोड यांसह. जुने जातिवाचक नाव दिसले तर ते बदलण्याची मागणी नोंदवावी आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाची प्रत जवळ ठेवावी. प्रत्येक घराचा डिजिपिन काढून तो दाराच्या आतील बाजूस, रुग्णवाहिकेच्या क्रमांकाशेजारी लिहून ठेवावा. वृद्धांना तो मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. नोंद लगेच दिसली नाही तर पुन्हा करावी, महिन्याने पुन्हा पाहावी.

शंभर वर्षांपूर्वी साऱ्या गावाला वाट दाखविण्याचे काम आपल्या पूर्वजांकडे होते, पण ते वेठीने होते. आता आपल्या वस्तीची वाट आपण स्वेच्छेने आणि आपल्या पसंतीच्या नावाने दाखवावी. जय भीम.